तापानंतरचे वेड

चिंचणी आज पालघर जिल्ह्यात आहे. पण १ ऑगस्ट २०१४ पूर्वी ती ठाणे जिल्ह्यात होती. त्यामुळे या किनाऱ्यावरच्या कुटुंबात कोणाचे मन बिघडले की भगत, देवऋषी, नवस यांच्या पलीकडचा सरकारी रस्ता ठाण्याकडे जाई. तेथे १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. १९१२ च्या ‘इंडियन लुनसी अ‍ॅक्ट’नुसार दाखल होण्यासाठी बहुधा मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. म्हणजे आजारी माणसाचा प्रवास कचेरीतून होई. वेड हा शरीराचा आजार असू शकतो का, हा प्रश्न त्या कागदावर कुठेच नसे.

तो प्रश्न १९१८ च्या साथीने पुढे आणला. 🧵

जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवर पहारा देणारे पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. पहिली लाट ओसरली आणि सप्टेंबरात दुसरी, अधिक भयंकर लाट आली. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. रेल्वेमार्गांनी रोग देशभर पसरला. हिंदुस्थानात कोटीहून अधिक माणसे दगावली, असे बहुतेक अंदाज सांगतात.

त्याच काळात अमेरिकेत, बोस्टनच्या मनोरुग्णालयात, कार्ल मेनिंजर हा तरुण डॉक्टर इन्फ्लुएन्झानंतर भ्रमिष्ट झालेल्या रुग्णांच्या नोंदी ठेवत होता. १९१९ मध्ये त्याने शंभर रुग्णांचा अहवाल छापला. त्यांतील अनेकांना तेव्हाच्या भाषेत ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’ झाला होता. ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये या आजाराला स्किझोफ्रेनिया हे नाव दिले होते, पण जुनी संज्ञा अजून रुळलेली होती. क्रेपेलिन यांच्या मते हा आजार उतरणीचा. त्यातून सहसा परत येणे नाही. मेनिंजरचे बरेच रुग्ण मात्र पुढे बरे झाले! तापाने आलेले वेड तापासारखे उतरूही शकते, ही नोंद त्या काळाला पचणारी नव्हती.

शरीराकडे बोट दाखवणारे सगळेच शहाणे होते, असे मात्र मुळीच नाही. न्यू जर्सीतील ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन यांची खात्री होती की वेडाचे मूळ शरीरात लपलेल्या जंतुसंसर्गात आहे. त्यांनी रुग्णांचे दात उपटले, टॉन्सिल काढले, मोठे आतडेही कापले. कित्येक रुग्ण त्यात मेले. व्हिएन्नाच्या वाग्नर-याउरेग यांनी १९१७ मध्ये उपदंशाने मेंदू बिघडलेल्या रुग्णांना मुद्दाम मलेरियाचा ताप आणला. काही सुधारले आणि १९२७ चे नोबेल त्यांना मिळाले. हाच प्रयोग स्किझोफ्रेनियावर मात्र फसला. दोन्हीकडे संमती कोणी विचारली नव्हती.

१९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक प्रथिन सापडले: सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, आजचे सीआरपी. शरीरात कुठेही दाह झाला की ते वाढते. पुढे इंटरल्यूकिन-६ सारखे इतर निर्देशकही मोजता येऊ लागले. १९८८ मध्ये मेडनिक आणि सहकाऱ्यांनी हेलसिंकीतून लक्षवेधी निष्कर्ष मांडला: १९५७ च्या फ्लूच्या साथीत ज्यांच्या माता गरोदरपणाच्या मधल्या तिमाहीत होत्या, त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण अधिक दिसले. नंतरच्या सर्व अभ्यासांनी याला दुजोरा दिला नाही. तरीही विषाणूपेक्षा त्याच्याशी लढणारी आईची प्रतिकारशक्तीच गर्भाच्या मेंदूवर परिणाम करत असावी, ही शंका बळावली. २०१६ मध्ये ‘सी-४’ या प्रतिकारयंत्रणेच्या जनुकाचा आजाराशी संबंध दाखवण्यात आला. मेंदूतील जोडण्यांची छाटणी करण्यातही हे प्रथिन भाग घेते.

मग रक्त तपासून निदान का होत नाही? कारण रुग्णांच्या गटाची सरासरी निरोगी गटापेक्षा चढी असली, तरी एकेका माणसाचे आकडे एकमेकांत मिसळतात. धूम्रपान, लठ्ठपणा, औषधे यांनीही सीआरपी चढते. बोईसरच्या प्रयोगशाळेत ते सहज मोजून मिळेल, पण त्या आकड्यावरून मनाविषयी काहीच ठरणार नाही. उपचारांचेही तसेच. दाह कमी करणाऱ्या मिनोसायक्लिनवर मोठी आशा होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘बेनेमिन’ चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही.

एका ठिकाणी मात्र उत्तर स्पष्ट मिळाले. २००७ मध्ये जोसेप डालमाऊ आणि सहकाऱ्यांनी एक मेंदूदाह ओळखला, ज्यात शरीराची प्रतिपिंडे मेंदूतील एनएमडीए ग्राहकांवरच हल्ला करतात. रुग्ण, बहुधा तरुण स्त्री, अचानक भास सांगू लागते, बरळते. मग झटके येतात, तोंडाच्या विचित्र हालचाली होतात, बोलणे थांबते. दिसायला थेट वेड, किंवा आपल्याकडच्या भाषेत ‘बाहेरचे लागले’. पाठीच्या कण्यातील द्रवात ती प्रतिपिंडे सापडली, तर प्रतिकारशक्ती शमवणाऱ्या उपचारांनी बहुतेक रुग्ण सुधारतात. कधी अंडाशयातील गाठ काढावी लागते. स्किझोफ्रेनियाच्या तुलनेत हा आजार फार विरळा. पण ताप, झटके आणि काही दिवसांत उसळलेले वेड एकत्र दिसले, तर चिंचणीहून निघालेल्या कुटुंबाने मनोविकारतज्ज्ञाबरोबर मेंदूविकारतज्ज्ञाचेही दार ठोठवावे, तेही लवकर.