कोजिक अ‍ॅसिडने चेहरा खरंच उजळतो का? किती, कसं आणि कधी वापरायचं?

'सात दिवसांत ग्लो', 'एका वापरात मान स्वच्छ'... रील्स स्क्रोल करताना केशरी रंगाचा कोजिक अ‍ॅसिडचा साबण एकदा तरी समोर येतोच. साबणासोबत सीरम आणि क्रीमच्या रूपातही हा घटक आता सहज मिळतो. काळे डाग फिके करण्यात त्याचा उपयोग होतो, हे खरं आहे. पण त्याला मर्यादा आहेत, आणि चुकीचा वापर झाला तर डाग आणखी गडद होऊ शकतात.

कोजिक अ‍ॅसिड म्हणजे काय?

जपानमध्ये साके, मिसो आणि सोया सॉस तयार करताना 'कोजी' नावाची बुरशी वापरतात. १९०७ मध्ये याच बुरशीपासून हा पदार्थ वेगळा करण्यात आला आणि पुढे त्याला कोजीवरूनच नाव मिळालं.

आपल्या त्वचेचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे ठरतो. मेलॅनिन तयार होण्यासाठी टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं आणि त्या एन्झाइमला काम करायला तांबं लागतं. कोजिक अ‍ॅसिड हे तांबं पकडून ठेवतं. त्यामुळे नवं मेलॅनिन कमी तयार होतं.

म्हणजेच ते आधीचा डाग पुसत नाही. जुनी त्वचा झडून नवी वर येईल, तसा डाग हळूहळू फिका होतो. त्यामुळे फरक दिसायला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात. सात दिवसांत चेहरा गोरा दिसत असेल, तर शंका घ्यायला जागा आहे.

कशावर उपयोग होतो, कशावर नाही?

मुरमं गेल्यावर राहिलेले काळे डाग, उन्हामुळे आलेले डाग आणि काही प्रमाणात वांग यांवर कोजिक अ‍ॅसिड वापरलं जातं. वांग मात्र चिवट असतो. ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या यांच्याशी त्याचा संबंध असतो आणि तो परत येऊ शकतो.

जन्मजात रंग यामुळे बदलत नाही. मानेवर किंवा काखेत मखमलीसारखा जाडसर काळेपणा असेल, तर तो मळ नसतो. अनेकदा तो इन्सुलिन रेझिस्टन्सचं, म्हणजे मधुमेहाकडे जाणाऱ्या वाटेचं लक्षण असतो. अशा वेळी मान घासत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवून रक्तातली साखर तपासणं जास्त गरजेचं आहे.

किती प्रमाण सुरक्षित?

कोजिक अ‍ॅसिडच्या सुरक्षिततेवर बरीच चर्चा झाली आहे. प्राण्यांवरच्या चाचण्यांमध्ये जास्त मात्रेचा थायरॉइडवर परिणाम दिसला होता. युरोपियन युनियनच्या वैज्ञानिक समितीने २०२२ मध्ये चेहरा आणि हातांच्या उत्पादनांत १ टक्क्यापर्यंतचं प्रमाण सुरक्षित मानलं. फेब्रुवारी २०२५ पासून तिथे नव्या उत्पादनांसाठी हीच मर्यादा लागू झाली. त्यामुळे लेबलवर टक्केवारी लिहिलेलं, १ टक्क्याच्या आसपासचं उत्पादन निवडणं शहाणपणाचं.

वापरायचं कसं?

सुरुवातीला कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर रोज थोडं लावून पाहावं. खाज, लाली, पुरळ आलं नाही, तरच चेहऱ्यावर लावावं. या घटकाची अ‍ॅलर्जी होऊ शकते, त्यामुळे ही पायरी टाळू नये.

पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड, रात्री, पातळ थर पुरे. वरून मॉइश्चरायझर लावावं. त्याच रात्री रेटिनॉल किंवा ग्लायकोलिक अ‍ॅसिड नको. साबण वापरत असाल तर फेस चेहऱ्यावर दहा मिनिटं ठेवू नका, त्याने त्वचा फक्त कोरडी होते. जखम, सोलवटलेली त्वचा किंवा नुकतंच वॅक्सिंग केलेल्या जागी हे लावू नये. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या महिलांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

आग होणं म्हणजे 'काम सुरू आहे' असं नसतं. भारतीय त्वचेवर जळजळ झाली की त्याच जागी नवा काळा डाग पडण्याची शक्यता जास्त असते. म्हणून आग झाली तर वापर लगेच थांबवावा.

दिवसा सनस्क्रीन नसेल तर बाकी मेहनत वाया जाते. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेलं सनस्क्रीन लावावं आणि बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावं. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड सनस्क्रीन अधिक उपयोगी ठरतं.

कोजिक अ‍ॅसिड हवा आणि उजेडात तपकिरी पडतं. बाटली घट्ट बंद करून अंधाऱ्या जागी ठेवावी. रंग फार बदलला असेल तर टाकून द्यावी.

खरा धोका कुठे?

झटपट गोरं करणाऱ्या क्रीममध्ये अनेकदा स्टिरॉइड किंवा पारा सापडतो. स्टिरॉइडने त्वचा पातळ होते, नसा दिसू लागतात, मुरमं वाढतात आणि क्रीम बंद केलं की चेहरा लाल होऊन भाजल्यासारखा होतो. म्हणूनच २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलेलं असेल तर ते ब्युटी क्रीम नाही, औषध आहे.

पारा तर थेट मूत्रपिंडावर घाला घालतो. २०२३ मध्ये केरळमधल्या मलप्पुरममध्ये फेअरनेस क्रीम वापरणाऱ्यांना मूत्रपिंडाचा आजार झाल्याची प्रकरणं समोर आली. पारा लेबलवर लिहिलेला नसतो. त्यामुळे उत्पादकाचा पत्ता, परवाना किंवा आयात नोंदणी क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत नसलेलं क्रीम घेऊच नये, मग ते ओळखीच्या पार्लरमधून मिळालेलं का असेना. असं क्रीम वापरताना पाय सुजले किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर क्रीम बंद करून डबीसकट डॉक्टरांकडे जावं.

१२ आठवडे नियमित वापरूनही फरक नसेल, तर दुसरं सीरम मागवण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. डाग कशामुळे आहे हे कळलं, तरच त्यावरचा उपाय ठरवता येतो.