फॉरमॅट मारण्यापूर्वी : तालुक्याच्या संगणकांचा हरवलेला इतिहास

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतली गावोगावची किरकोळ छपाई मी गेली काही वर्षे गोळा करतो आहे. जत्रेच्या पत्रिका, हरिनाम सप्ताहाची निमंत्रणे, शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, कुस्त्यांच्या आखाड्यांची जाहिरातपत्रके असे तिचे स्वरूप आहे. ग्रामीण भागाचा सामाजिक इतिहास लिहायचा, तर ही साधने सरकारी दप्तराइतकीच मोलाची आहेत. कुस्तीचे इनाम कोणी लावले, सप्ताहातल्या पंगती कोणत्या वस्तीकडे होत्या, देवळाच्या जीर्णोद्धाराला मुंबईतल्या कोणत्या गाववाल्यांनी पैसे पाठवले, या गोष्टी दुसरीकडे कुठे लिहिलेल्या नसतात.

या संग्रहात एक खिंडार आहे. खिळे जुळवून छापलेली जुनी पत्रके मिळतात. हातात मोबाइल आल्यानंतरचे साहित्य फोटोंच्या रूपाने का होईना, मिळते. मधली दहा-बारा वर्षे, म्हणजे साधारण १९९८ ते २०१० हा काळ, मात्र विरळ आहे. जुन्या छापखान्यात प्रत्येक कामाची एक प्रत तारेला टोचून ठेवायची पद्धत होती. डीटीपी आले आणि ‘फाइल आहे की कॉम्प्युटरात’ म्हणून ती सवय सुटली. आता त्या फायली मागायला गेलो, की दुकानात आणि घरात एकच उत्तर मिळते : ‘व्हायरस आल्ता, फॉरमॅट मारला.’

हे उत्तर इतक्या ठिकाणी ऐकले, की त्याचाच शोध घ्यावासा वाटला. खरेच व्हायरस आला होता का? आणि फायली नेल्या त्या व्हायरसने, की फॉरमॅटने?

•

संगणकाच्या बाबतीत ‘व्हायरस’ हा शब्द वैद्यकातून उसना घेतलेला. १९८३ साली अमेरिकेत फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने स्वतःच्या नकला इतर प्रोग्रॅममध्ये घुसवणारा प्रोग्रॅम करून दाखवला. त्याचे मार्गदर्शक लेन अ‍ॅडलमन यांनी त्याला हे नाव सुचवले. तीनच वर्षांनी, १९८६ मध्ये, लाहोरमध्ये संगणकाचे दुकान चालवणाऱ्या अल्वी बंधूंचा ‘ब्रेन’ फ्लॉपीवरून जगभर पोहोचला. त्यात त्यांनी आपले नाव, पत्ता आणि फोन नंबरही लिहून ठेवला होता. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरट्या नकला करणाऱ्यांना धडा शिकवण्यासाठी तो लिहिला, असे त्यांचे म्हणणे.

आपल्याकडचा पहिला गाजलेला नमुना मराठी माणसाला हसू आणील असा आहे. १९९० साली भारतात आढळलेल्या एका विषाणूचे नावच ‘जोशी’. फ्लॉपी आणि हार्ड डिस्क यांच्या अगदी सुरुवातीच्या भागात, म्हणजे संगणक चालू होताना सर्वप्रथम वाचतो त्या जागी, तो ठाण मांडून बसे. ५ जानेवारीला यंत्र अडून बसे आणि पडद्यावर ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप करण्याची मागणी येई. तेवढे टाइप केले, की यंत्र मुकाट्याने पुढे चाले. माहिती पळवायची, पैसे मागायचे, यातले त्याला काही नको होते. फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा हव्या होत्या.

त्या काळातली तपासणी मात्र शिस्तीची होती. पहिली पायरी म्हणजे यंत्र पूर्ण बंद करायचे. तीन कळा एकदम दाबून ते पुन्हा चालू केले, तर जोशीसारखा विषाणू मेमरीत टिकून राही. मग खात्रीच्या, लिहिण्याची खाच चिकटपट्टीने बंद केलेल्या फ्लॉपीवरून ते चालू करायचे. संशय असलेल्या डिस्कवरून चालू केल्यावर एकूण मेमरी ६,५५,३६० बाइट दिसली पाहिजे. कमी भरली, तर कोणीतरी वरची जागा दाबून बसले आहे असा संशय घ्यायचा. आधी निदान आणि मग उपचार, हा क्रम जाणकार मोडत नसत. कारण उपचार उलटण्याचा धोका त्यांना ठाऊक होता. डिस्कचा सुरुवातीचा भाग नव्याने लिहिण्याची एक सोपी आज्ञा होती. ती बहुतेक वेळा लागू पडे. पण ‘मंकी’ नावाच्या विषाणूने विभागणीचा तक्ता मूळ जागेवरून हलवून सांकेतिक करून ठेवलेला असे. तिथे ती आज्ञा दिली, की विषाणू जाई आणि डिस्कवरच्या सगळ्या माहितीची वाटही बंद होई. रोग गेला, पण रोगीही हाती लागला नाही, अशी गत.

•

या शिस्तीतूनच पुण्यात एक उद्योग उभा राहिला. मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. १९९०च्या दशकात ते संगणक-दुरुस्तीकडे वळले. दुकानात येणाऱ्या अनेक यंत्रांत बिघाड नसून विषाणू असल्याचे दिसू लागले. धाकटे बंधू संजय तेव्हा संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी सापडेल त्या विषाणूवर उतारा लिहायला सुरुवात केली. १९९५च्या सुमारास त्यातून ‘क्विक हील’ बाजारात आले. २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. या कथेतला उद्योजकतेचा भाग पुष्कळदा सांगून झाला आहे. मला त्यातली दुसरी बाब महत्त्वाची वाटते. दुरुस्तीच्या टेबलावर बसलेल्या माणसाने ‘पुसून टाकू’ न म्हणता ‘आत काय आहे ते पाहू’ म्हटले, म्हणून ते औषध तयार झाले.

विषाणूला गांभीर्य आले ते २६ एप्रिल १९९९ला. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला ‘सीआयएच’ त्या दिवशी आशियातल्या अनेक देशांत जागा झाला. तारीख चेर्नोबिल दुर्घटनेची, म्हणून त्याला ‘चेर्नोबिल’ असेही म्हणतात. विंडोज ९५ आणि ९८ चालणाऱ्या यंत्रांवर हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग तो पुसून टाकी आणि काही यंत्रांत मदरबोर्डवरची चिपही निकामी करी. व्हायरस म्हणजे सर्वनाश, ही धास्ती पसरायला अशी एकच घटना पुरेशी असते.

•

बारामती आणि इंदापूरकडे घराघरांत संगणक पोहोचला तो याच धास्तीच्या सावलीत. बारामतीत १९७२ साली स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानच्या भिगवण रस्त्यावरील विद्यानगरीत या सुमारास अभियांत्रिकी आणि माहिती-तंत्रज्ञानाचे शिक्षण सुरू झाले होते. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीची केंद्रे तालुक्यांच्या गावी निघाली. नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागल्यावर शिक्षक, ग्रामसेवक, लिपिक सगळेच माउस धरायला बसले. ‘पोराला सरावाला’ म्हणून उसाच्या बिलातून, सोसायटीच्या कर्जातून घरी जोडणीचा संगणक आला.

इंटरनेट संथ आणि महाग होते, म्हणून सगळा व्यवहार हातोहात चाले. आधी फ्लॉपी, मग सीडी आणि २००५ नंतर पेन ड्राइव्ह. लग्नाचे फोटो स्टुडिओतून, पत्रिकेचा मजकूर डीटीपीवाल्याकडून, गाणी मित्राकडून, प्रोजेक्ट कॅफेतून. विषाणू आला तो याच वाटांनी. विंडोज एक्सपीमध्ये पेन ड्राइव्ह लावताच आतला प्रोग्रॅम आपोआप चालवण्याची सोय होती आणि तिचाच गैरफायदा घेतला गेला. मायक्रोसॉफ्टने जुन्या यंत्रांवर ती सोय बंद करणारी दुरुस्ती सर्वांना पाठवली तेव्हा २०११चा फेब्रुवारी उजाडला होता. तोवर पेन ड्राइव्ह हा उसन्या विरजणासारखा झाला होता. ज्या घरांचे एकमेकांशी देणे-घेणे होते, त्या सगळ्या घरांत एकच विषाणू सापडे.

•

आता मूळ प्रश्न. या घरांतल्या ‘व्हायरस आला’मध्ये प्रत्यक्षात काय काय होते? दुरुस्तीवाल्यांशी आणि घरातल्या माणसांशी बोलताना तक्रारींचे तीन प्रकार पुन्हा पुन्हा समोर आले.

पहिला प्रकार रिकाम्या पेन ड्राइव्हचा. ड्राइव्ह उघडला, तर फोल्डर नाहीत, किंवा त्याच नावांचे शॉर्टकट आहेत. इथे विषाणू खराच असे. पण तो फायली बहुधा पुसत नसे; त्यांना ‘लपलेले’ आणि ‘सिस्टिमचे’ अशा दोन खुणा लावून नजरेआड करी आणि त्यांच्या जागी फोल्डरचे चित्र लावलेला स्वतःचा प्रोग्रॅम ठेवी. ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहिल्या, तर भरलेली जागा स्पष्ट दिसे. खिडकीत काही नाही, पण कणगी भरलेली आहे. आधी विषाणू साफ करायचा आणि मग ‘अ‍ॅट्रिब’ ही एक ओळीची आज्ञा देऊन त्या खुणा काढायच्या, की सगळे फोल्डर परत येत. ज्याला ही आज्ञा माहीत नव्हती, त्याच्या दृष्टीने ड्राइव्ह रिकामाच होता. आणि रिकामा ड्राइव्ह फॉरमॅट करायला हरकत कसली?

दुसरा प्रकार बिघडलेल्या अक्षरांचा. डीटीपीवाल्याकडून आणलेली मराठी फाइल घरी उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरे, टिंबे आणि विचित्र चिन्हे. हा व्हायरस नव्हताच. पुण्याच्याच मॉड्युलर कंपनीची ‘श्री-लिपी’ किंवा सीडॅकचे ‘आयएसएम’ यांच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. तो फॉन्ट यंत्रात नसला, की खालची रोमन अक्षरे उघडी पडत. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा होती, पण छपाईचा धंदा पुढची कितीतरी वर्षे जुन्याच फॉन्टांवर चालला. शुद्ध, धडधाकट मजकूर निव्वळ लिपीच्या गोंधळामुळे रोगी ठरला आणि पुसला गेला.

तिसरा प्रकार विजेचा आणि धुळीचा. भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज दिवसातून कितीदा तरी जाई, परत येताना दाब कमी-जास्त असे. यंत्र अडखळे, निळा पडदा येई, तारीख मागे जाई. तारीख मागे जाणे म्हणजे मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपणे. यंत्र सुरूच न होणे म्हणजे अनेकदा रॅमच्या पट्टीवर चढलेला गंज. तो खोडरबराने घासून काढणारे कारागीर आजही आहेत. डिस्कमधून टकटक आवाज येणे म्हणजे डिस्क मरणपंथाला लागल्याची खूण. अशा वेळी पहिले काम माहिती काढून घेण्याचे. तेव्हा फॉरमॅट मारणे म्हणजे उरलेला वेळही घालवणे.

•

मग सरसकट फॉरमॅटच का मारला गेला? दुरुस्तीवाल्यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण हिशेब त्यांच्या बाजूने मांडून पाहावा. निदानाला दोन-तीन तास लागतात आणि शेवटी ‘काही नव्हते, सेल बदलला’ असे सांगितले, तर गिऱ्हाईक सेलचेच पैसे देते. फॉरमॅटला ठरलेला दर असतो, यंत्र नव्यासारखे पळते आणि गिऱ्हाईक खूश होते. विंडोजची एकच नकली सीडी दहा घरांत चालते. आपण निदानाचे पैसे द्यायला तयार नव्हतो. पुसण्याचे देत होतो.

यात आणखी एक घात होता. ‘सी ड्राइव्हच फॉरमॅट करतो, डीला हात लावत नाही’ असे आश्वासन दिले जाई. ते खरेही असे. पण घरातल्या माणसाने सगळे डेस्कटॉपवर ठेवलेले असायचे आणि डेस्कटॉप सी ड्राइव्हवरच असतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसायचे. नुसत्या फॉरमॅटने बहुधा फायलींची सूची जाते, मजकूर डिस्कवर राहतो आणि परतही मिळवता येतो. पण लगेच त्यावर विंडोज नव्याने चढवले जाई. शिल्लक होते त्यातले पुष्कळ त्याखाली कायमचे गाडले जाई.

म्हणून माझ्या संग्रहातल्या खिंडाराचे उत्तर मला असे दिसते : या दोन तालुक्यांत मी पाहिलेल्या घरांत आणि दुकानांत विषाणूने जेवढे नेले, त्याहून अधिक त्याच्या भीतीने नेले.

•

आता काळ पालटला आहे. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेला ‘वॉनाक्राय’ फायली कुलूपबंद करून किल्लीसाठी बिटकॉइनमध्ये ३०० डॉलर मागत होता. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरलेल्यांनी दोन-तीन दिवसांत ९४ कोटी रुपये देशोदेशी वळवले. वाढदिवसाच्या शुभेच्छा मागणारा जोशी आता अगदीच भाबडा वाटतो. आजची भीती खोटी नाही. पण तिच्यावरचा उपाय जुनाच आहे. वेगळ्या जागी ठेवलेली नक्कल असेल, तर खंडणी मागणाऱ्याला भीक घालावी लागत नाही आणि फॉरमॅटचीही धास्ती उरत नाही.

नकलेचे मोल बारामतीला कोणी वेगळे सांगावे असे नाही. मोरोपंत याच गावी १७९४ साली वारले. त्यांची कविता हातांनी उतरवलेल्या नकलांतून छापखान्याच्या काळापर्यंत आली आणि आज आपल्या हाती आहे. एका पोथीला वाळवी लागली तरी दुसऱ्या घरी दुसरी पोथी होती. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचे हे लेखन आपण वाचू शकतो आणि २००४ सालच्या जत्रेची पत्रिका मात्र सापडत नाही, कारण तिची प्रत एकाच डिस्कवर होती.

तरी सगळे संपलेले नाही. अनेक घरांत माळ्यावर जुने सीपीयू पडून आहेत. यंत्र चालू होत नसले, तरी आतली डिस्क बहुधा शाबूत असते. ती काढून चाळीस पिना किंवा साटाची जोडणी असलेल्या साध्या अडॅप्टरने दुसऱ्या यंत्राला जोडता येते. तिच्यावरचा कोणताही प्रोग्रॅम चालवायचा नाही. विषाणूनाशकाने तपासून फक्त मजकूर, चित्रे आणि सोबत फॉन्टही उतरवून घ्यायचे. अक्षरे विचित्र दिसली, तर पुसू नयेत. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने आज उपलब्ध आहेत. तालुक्यातल्या एखाद्या वाचनालयाने किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने एक टेबल, एक यंत्र आणि एक जाणकार विद्यार्थी एवढी सोय केली, तरी त्या बारा वर्षांतले बरेच काही परत येईल. दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला सीपीयू किलोवर घालण्याआधी त्यातली डिस्क तेवढी काढून ठेवा. आजोबांच्या पुढाकाराने निघालेल्या स्मरणिकेची एकुलती एक प्रत कदाचित तिच्यातच असेल.