तळटीप : ‘सदोष उच्चार’
* ‘सदोष उच्चार’ : मूळ लेखकाचा हा शब्द कायम ठेवला असला तरी तो जपून वाचावा, कारण बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली, मलकापूर-शेगावकडे, जे मूल ‘डोळा’स ‘डोया’ आणि ‘काळा’स ‘काया’ म्हणते, ते आपल्या आईची वऱ्हाडी शुद्धच बोलत असते, आणि त्याच्या नावे ‘वाचादोष’ असा शेरा दप्तरी दाखल करणे हा, माझ्या मते, त्याच्यावर व त्याच्या घरावर उघड अन्याय होय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीतील वाक्-भाषा विकलांगतेची व्याख्याही अवयवगत वा मज्जासंस्थेच्या कारणांनी आलेल्या कायम विकलांगतेपुरतीच आहे. मात्र वयाची पाच वर्षे उलटूनही तेच मूल ‘गाय’स ‘दाय’ म्हणत असेल, तर तपासणी अवश्य व्हावी, आणि ती वऱ्हाडी जाणणाऱ्याने करावी. —संपादक