बेसमनची सनद आणि वहिवाट

कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी रेडिओदुरुस्तीच्या दुकानातून वाद्यनिर्मितीच्या व्यवसायात शिरलेल्या लिओ फेंडर यांनी १९५१ साली ‘प्रिसिजन बेस’ हे विजेवर वाजणारे वाद्य बाजारात आणले, तेव्हा नृत्यवृंदाच्या मागल्या रांगेत पुरुषभर उंचीचा डबलबेस सावरीत उभ्या राहणाऱ्या, आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोनांच्या गजरात ज्याचा स्वर श्रोत्यांपर्यंत पोहोचण्याची मारामार होती अशा, वादकाची फार जुनी तक्रार निम्मीच दूर झाली. गिटारीप्रमाणे पडदे असलेले, गळ्यात अडकवून वाजविता येणारे वाद्य त्याच्या हाती आले खरे; परंतु भरीव लाकडाच्या त्या वाद्याला स्वतःचा असा आवाज जवळजवळ नसल्यामुळे, त्याचा मंद्र स्वर सभागृहभर पोहोचविणारे यंत्र सिद्ध होईपर्यंत ते मुकेच राहणार होते. त्या गरजेपोटी १९५२ मध्ये फेंडर यांच्या कारखान्यातून ‘बेसमन’ नावाचा अ‍ॅम्प्लिफायर निघाला. नावाने आणि हेतूने त्याची सनद बेसवादकाची होती. वहिवाट मात्र थोड्याच वर्षांत गिटारवादकाकडे गेली, आणि ती त्याच्याकडे गेली हेच योग्य झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या बेसमनमध्ये १५ इंची एकच स्पीकर होता. सगळा भार एकावर न पडता विभागला जावा अशी तजवीज करून १९५४-५५ च्या सुमारास त्याजागी १० इंची चार स्पीकर बसविण्यात आले, आणि पुढे दरसाल थोडाथोडा सुधारत गेलेला त्याचा विद्युत्-आराखडा १९५८ ते १९६० या काळातील ‘५एफ६-ए’ या नमुन्यात परिपक्व झाला. ही पेटी जवळून पाहण्यासारखी आहे. पिवळसर विणीच्या कापडाने मढविलेली, पाठीमागून अर्धवट उघडी, आणि नियंत्रणे समोर नसून माथ्यावर मागच्या अंगाला. दोन वाहिन्यांसाठी मिळून चार जोडछिद्रे, प्रत्येक वाहिनीचा स्वतंत्र व्हॉल्यूम, शिवाय ट्रेबल, बेस, मिडल आणि प्रेझेन्स अशी टोकदार काळी बटणे, ज्यांचे आकडे एकपासून बारापर्यंत जातात. दोन्ही वाहिन्या आखूड तारेने एकमेकींस जोडून वाजविण्याची युक्ती गिटारवादकांत पुढे इतकी रूढ झाली की जणू ती निर्मात्यानेच सांगितली असावी. आत सुमारे ४० वॅट शक्ती देणाऱ्या ‘५८८१’ जातीच्या दोन निर्वात नलिका, म्हणजे आपल्याकडे जुन्या रेडिओमुळे घरोघर ठाऊक झालेले व्हॉल्व्ह, आणि विजेचा प्रवाह एकदिश करण्याचे कामही दुसऱ्या एका व्हॉल्व्हकडेच सोपविलेले.

आता बेसवादकाची कैफियत ऐकू. बेसची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते, गिटारीची ८२. म्हणजे बेसचा तो स्वर गिटारीहून पुरे एक सप्तक खाली आहे आणि हवेतील त्याच्या लहरीची लांबी ८ मीटरांहून अधिक भरते. एवढी दीर्घ लहर उघड्या पाठीच्या पेटीतून निघाली की स्पीकरच्या मागून निघालेली उलट लहर कडेने वळून पुढच्या लहरीस गाठते आणि दोघी एकमेकींस बऱ्याच अंशी नाहीशा करतात. मनुष्याचा कानही मंद्र स्वरांच्या बाबतीत मंद, म्हणून तोच मोठेपणा जाणवून देण्यास बेसला कितीतरी अधिक शक्ती हवी. आणि आवाज दुप्पट वाटावा तर शक्ती सुमारे दसपट लागते, हा हिशेब ध्यानी घेता ४० वॅटांचा खजिना ड्रमांसमवेत किती लवकर रिता होत असेल याचा अंदाज सहज येतो. तो रिता झाला म्हणजे व्हॉल्व्ह स्वराची शिखरे सपाट करू लागतो, प्रवाह एकदिश करणाऱ्या व्हॉल्व्हमुळे आघाताच्या क्षणीच विद्युत्दाब किंचित खचतो, आणि ज्या वाद्याने तालाचा पाया धरावयाचा त्याचाच ठोका सैल पडतो.

हेच दोष गिटारीच्या पदरी पडताच गुण ठरले. शिखरे सपाट झाली की मूळ स्वरात नसलेले उपस्वर निर्माण होतात. त्यांनी गिटारीचा पातळ स्वर दाट होतो आणि आघातानंतर झटकन विरणारा नाद लांबतो. दाब खचल्यामुळे आघात किंचित दबून मागाहून स्वर फुलतो, तो गळ्यातून निघाल्यासारखा. उघड्या पाठीमुळे गेला तो मंद्र भाग गिटारीला मुळीच नको होता. बडी गाय यांच्यासारख्या शिकागोच्या ब्लूज वादकांनी हे कानाने ओळखले.

या वहिवाटीवर शिक्कामोर्तब झाले ते लंडनमध्ये. ड्रमवादक आणि ड्रमशिक्षक जिम मार्शल यांनी १९६० साली हॅनवेल येथे वाद्यांचे दुकान काढले होते. तेथे येणाऱ्या तरुण गिटारवादकांना अमेरिकन अ‍ॅम्प्लिफायर हवा असे, पण आयात मालाची किंमत त्यांच्या आवाक्याबाहेरची. म्हणून १९६२ मध्ये मार्शल यांनी केन ब्रान आणि डडली क्रेव्हन यांच्या साहाय्याने ५एफ६-ए चाच आराखडा समोर ठेवून ‘जेटीएम ४५’ घडविला. पहिल्या टप्प्याला अधिक वर्धनाचा व्हॉल्व्ह, शेवटी ‘केटी ६६’ जातीचे, आणि स्पीकर सेलेस्टियन कंपनीचे १२ इंची चार, तेही बंद पेटीत; एवढ्या फरकाने त्या यंत्राचा कंठ अधिक करडा झाला. गिटारीच्या ज्या गर्जनेवर साठीच्या दशकातले इंग्रजी रॉक-संगीत उभे राहिले, तिचा वंशवृक्ष असा एका बेसच्या यंत्रापाशी जाऊन पोहोचतो.

मग बेसवादकाच्या हक्काचे काय? त्याची दाद न्यू यॉर्कच्या बाजूस लागली. एव्हरेट हल हे स्वतः डबलबेस वाजविणारे. वाद्याच्या तळाच्या खुंटीतून आत मायक्रोफोन बसविण्याची त्यांची कल्पना चाळिशीच्या दशकातली, आणि त्यांची कंपनी ‘अँपेग’. शिखरे सपाट होऊन स्वर फाटणे त्यांना मनापासून नापसंत होते. जेस ऑलिव्हर यांनी रचलेला आणि १९६० साली निघालेला त्यांचा ‘बी-१५’ पाहिला म्हणजे बेसवादकाचा विचार करून यंत्र घडविणे कशास म्हणतात ते समजते: १५ इंची स्पीकर बंद पेटीत, तिच्या पोटात हवेच्या वाटेची मोजून केलेली रचना, आणि व्हॉल्व्हचा सांगाडा झाकणावर अशा बेताने बसविलेला की प्रवासात झाकण उलटे केले की तो पेटीत सुरक्षित राहतो. शक्ती अवघी २५ वॅटांच्या आसपास, बेसमनहूनही कमी. तरीही डेट्रॉइटचा श्रेष्ठ बेसवादक जेम्स जेमरसन लहान क्लबांतून तोच वापरी. वॅट कमी असताना ही पेटी बेसला शोभली, याचे श्रेय मी बंद पाठीला देतो.

मोठ्या मैदानांसाठी अँपेगने १९६९ मध्ये ३०० वॅटांचा ‘एसव्हीटी’ काढला. चौदा व्हॉल्व्ह, आणि खाली १० इंची आठ-आठ स्पीकरांच्या पेट्या. नवल असे की त्याच साली रोलिंग स्टोन्सच्या अमेरिका-दौऱ्यात बेसबरोबर गिटारीही अँपेगच्या या नव्या यंत्रांतून वाजल्या. उलट मोटरहेडच्या लेमी यांनी मार्शलचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बेससाठी बेफाम आवाजात चालविला आणि त्या फाटलेल्या स्वरालाच आपली ओळख केली. तथापि त्यांचे वादन पाया धरणाऱ्या बेसवादकाचे नव्हते. ते दुसरी गिटारच वाजवीत होते म्हटले तरी चालेल, म्हणून त्या उदाहरणाने माझे मत बदलत नाही.

फेंडर कंपनीने १९५९ च्या बेसमनची प्रतिकृती १९९० साली पुन्हा बाजारात आणली. बेसवादकाने जुना अथवा नवा बेसमन घ्यावयाचाच तर तो ध्वनिमुद्रणगृहासाठी घ्यावा. तेथे मंद आवाजात त्याचा स्वर गोल आणि उबदार येतो, आणि मूळ स्पीकरांऐवजी बंद पाठीच्या १५ इंची पेटीला जोडल्यास पुष्कळच सुधारतो. मात्र ५एफ६-ए चे शेवटचे रोहित्र चार स्पीकरांच्या समांतर जोडणीसाठी, म्हणजे २ ओहमच्या भारासाठी, गुंडाळलेले आहे. दुसरी पेटी जोडण्यापूर्वी तिचा रोध जाणकाराकडून अवश्य पडताळून घ्यावा.