‘कूल’चं कूळ

सतारीची तार छेडली की सूर लागतो आणि त्याच्यामागे मधमाशी भणभणल्यासारखी एक झिणझिणी रेंगाळते. तिलाच जवारी म्हणतात. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीचा माथा किंचित उतरता घासलेला असतो. थरथरणारी तार त्याला टेकते नि सुटते, टेकते नि सुटते. कानस एकदा जादा फिरली की आवाज बसलाच. परदेशातल्या पॉपवाल्यांनी आपल्याकडचं जे काही ‘कूल’ मानलं, त्याचं कूळ शोधत गेलं की आपण या चार बोटांच्या घोडीपाशी येऊन थांबतो.

सतारवादकांमध्ये १९२० साली बनारसमध्ये जन्मलेल्या रविशंकरांची जवारी खुली, म्हणजे भरपूर झिणझिणणारी, तर विलायत खाँसाहेबांची बंद. लंडनच्या पोरांच्या कानात भरली ती खुली. १९६५ साली ‘हेल्प!’ या सिनेमाच्या चित्रीकरणात बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने सेटवर सतार पाहिली, ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या दुकानातून एक स्वस्तातली विकत घेतली आणि त्याच ऑक्टोबरात ‘नॉर्वेजियन वुड’ या गाण्यात वाजवलीसुद्धा. धडा एकही न घेता! पुढच्या वर्षी मात्र तो रविशंकरांकडे शिकायला मुंबईत आला आणि त्यांच्यासोबत बनारसची रामलीलाही पाहून गेला.

अशा भारतीय वळणाच्या रॉकला मिळालेल्या ‘राग रॉक’ या नावाची जन्मकथा तर आणखी मजेची. १९६६च्या मार्चमध्ये ‘द बर्ड्स’ या अमेरिकी बँडच्या ‘एट माइल्स हाय’ या गाण्याबरोबर ते छापून आलं. बँडच्या पत्रकार परिषदेत सतार हजर होती, गाण्यात नव्हती. गाण्यात बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार होती. म्हणजे बारशालाच सतार शोभेची वस्तू झाली. १९६७मध्ये इलेक्ट्रिक सतार निघाली. नावापुरतीच सतार, खरं तर गिटारच. फक्त घोडी अशी, की तार आपोआप भणभणावी. ना भोपळा, ना राग, ना रियाज. जवारी तेवढी सोलून घेतली.

हे सगळं मला फसवणूक वाटत नाही. पण १ ऑगस्ट १९७१ची न्यूयॉर्कची बांगलादेशासाठीची मैफल आठवते. (रेकॉर्डवर ऐकलेली.) रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ वाद्यं सुरात लावत होते. लावून थांबले, तर टाळ्यांचा कडकडाट! सूर जुळवणंच एवढं आवडलं तर वाजवणं त्याहून आवडेल अशी आशा आहे, असं रविशंकर हसत म्हणाले. कूलपणाची याहून नेमकी व्याख्या माझ्या पाहण्यात नाही.

उसनवारीची परतफेड व्हायला १९९७ उजाडलं. इंग्लंडमधल्या ‘कॉर्नरशॉप’ या इंडी बँडने, म्हणजे तजिंदर सिंग आणि मंडळींनी, एका छोट्या स्वतंत्र लेबलवर काढलेल्या अल्बममध्ये ‘नॉर्वेजियन वुड’ चक्क पंजाबीत गायलं. उसनं नेलेलं घरच्या बोलीत परत आलं. त्याच अल्बमातलं ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ डीजे नॉर्मन कुकने नव्याने बांधलं आणि ते फेब्रुवारी १९९८मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. ते गाणं आशा भोसल्यांवरचं. आशाताईंचा जन्म सांगलीचा. तिथून मिरजेची सतारमेकर गल्ली दहाएक किलोमीटरवर आहे. घोड्या अजून तिथे हातानेच घासतात.