गडांचे तट पावसात का ढासळतात?

२०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यातले ११ महाराष्ट्रात आहेत. शेकडो पावसाळे झेललेल्या या गडांसमोर आता बदललेल्या पावसाचं संकट आहे.

पाऊस कसा बदलला?
१९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं पुण्याच्या आयआयटीएममधील शास्त्रज्ञांच्या अभ्यासात दिसलं.

तट का पडतो?
थोड्या वेळात भरपूर पाणी तटामागच्या मातीत मुरतं. पाणी जाण्याच्या वाटा बुजल्या असतील, तर त्याचा दाब भिंतीवर येतो. सांध्यांत रुजलेली झाडं दगड आणखी सैल करतात. ऑगस्ट २०२० मध्ये विजयदुर्गाच्या तटाचा काही भाग पावसात ढासळला.

उपाय काय?
पावसाळ्याआधी या वाटा मोकळ्या करणं, रोपं लहान असतानाच काढणं आणि सांधे चुन्याने भरणं. सिमेंट ओल आत कोंडतं, चुना ती बाहेर सोडतो.

आपण काय करू शकतो?
संरक्षित गडावर परवानगीशिवाय डागडुजी करता येत नाही. पण तटाला नवी भेग दिसली, तर फोटोसह पुरातत्त्व विभागाला नक्की कळवता येतं. पडलेला तट पुन्हा बांधता येईल, मूळ बांधकाम मात्र परत मिळणार नाही.