पॉम्पेईच्या संग्रहालयाचा वाढदिवस कधी?

इटलीतल्या पॉम्पेईच्या संग्रहालयाचा वर्धापनदिन २५ जानेवारीला असतो असं वाचलं आणि मी वर्षं मोजायला बसले. मोजता मोजता गोंधळले. उत्खननप्रमुख जुझेप्पे फिओरेल्ली यांनी ते उभारलं १८७३-७४च्या सुमारास. मग ते १९४८मध्ये पुन्हा उघडलं, २०१६मध्ये पुन्हा, आणि २५ जानेवारी २०२१ला, ऐन कोविडच्या काळात, नव्या मांडणीसह आणखी एकदा. इतक्यांदा उघडलं, म्हणजे इतक्यांदा बंदही पडलं असणार ना?

इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि हे रोमन शहर गाडलं गेलं. राख माणसांभोवती घट्ट बसली. आतली शरीरं कुजली. उरली हाडं आणि शरीराच्या आकाराची पोकळी. १८६३मध्ये फिओरेल्ली यांनी त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतायला सुरुवात केली. ते सुकल्यावर भोवतालची राख फोडली की समोर माणूस दिसायचा. असा ठसा एकदाच घेता येतो. राख फुटली की साचाही संपला.

यातले काही ठसे संग्रहालयात होते. २४ ऑगस्ट १९४३च्या रात्री दोस्तराष्ट्रांच्या विमानांनी पॉम्पेईवर बॉम्ब टाकायला सुरुवात केली. पुढच्या काही आठवड्यांत दीडशेहून अधिक बॉम्ब पडले. संग्रहालय उद्ध्वस्त झालं, काही ठसेही गेले. १९४८मध्ये, उत्खननाला दोनशे वर्षं झाली तेव्हा, ते पुन्हा उभं राहिलं. पण १९८०च्या भूकंपाचा फटका बसला, आणि २०१६पर्यंत दारं बंद राहिली.

इमारत परत बांधता येते. ठशांचं काय?

पॉम्पेईतल्या एका ठशात सोन्याचं कडं घातलेली मोठी व्यक्ती आणि तिच्याजवळ मूल आहे. कडं आहे म्हणजे बाई, मूल आहे म्हणजे आई, असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. २०२४मध्ये ठशांतल्या हाडांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ती व्यक्ती पुरुष निघाली, आणि मुलाशी तिचं रक्ताचं नातं नव्हतं.

ठसा शिल्लक होता म्हणून आपली चूक कळली. १९४३मध्ये जे ठसे गेले, त्यांच्याबद्दल आपण काय काय चुकीचं धरून बसलोय, ते आता कोण सांगणार?

म्हणून यापुढे २५ जानेवारीच्या शुभेच्छा दिसल्या, की मला २४ ऑगस्टही आठवेल.